भाडेकरूंचा कौल

१९७७ सालच्या मे महिन्याच्या ३ तारखेस, मंगळवारी, स्कॉटलंडातील ५३ जिल्हामंडळांसाठी मतदान झाले. आणि मतमोजणी संपून जे आकडे बाहेर पडले त्यांनी, ज्याला त्या देशातील कारखान्यांची शहरे वंशपरंपरेने आपलीच वाटत आली होती, त्या मजूर पक्षाची झोप उडवली. तीन वर्षांपूर्वी, १९७४ साली, याच मंडळांच्या पहिल्या निवडणुकीत मजूर पक्षाने ४२८ जागा मिळवल्या होत्या. त्या आता २९९ वर आल्या. हुजूर पक्ष २४१ वरून २७७ वर चढला. परंतु ज्याच्याकडे सर्वांचे डोळे लागले तो पक्ष या दोहोंपैकी नव्हताच. स्कॉटिश राष्ट्रीय पक्षाने, ज्याच्या पदरी तोवर अवघ्या ६२ जागा होत्या, १७० जागा पटकावल्या, आणि एकूण मतांतील त्याचा हिस्सा शेकडा १२ वरून २४ वर, म्हणजे दुपटीवर, जाऊन पोहोचला. ग्लासगो या सर्वांत मोठ्या शहरात ७२ जागांपैकी मजूर पक्षाला ३०, हुजूर पक्षाला २५, राष्ट्रीय पक्षाला १६ आणि उदारमतवाद्यांना १ अशी वाटणी झाली, व ज्या सभागृहात मजूर पक्षाचा शब्द हाच हुकूम असे तेथे कोणाचाच शब्द अखेरचा उरला नाही.

या निकालाचे वाचन लंडनमध्ये आणि एडिंबरोत एकाच पद्धतीने झाले. स्कॉटलंड स्वराज्याच्या वाटेने निघाला, असा त्याचा अर्थ लावण्यात आला, आणि पुढील दोन वर्षांचे सारे राजकारण त्या अर्थाच्या भयाने वा आशेने चालले. हा अर्थ अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या मंडळासाठी मते पडली त्याच्या हाती राष्ट्राचे भवितव्य यत्किंचितही नव्हते. त्याच्या हाती होते ते घराचे भाडे, कचऱ्याची गाडी, वाचनालय, पोहण्याचा तलाव, स्मशानभूमी आणि बांधकामाची परवानगी. माणसे ज्या गोष्टीसाठी मत देतात आणि त्या मतावरून जी गोष्ट वाचली जाते, या दोहोंमधील अंतर सर्वच देशांत असते. स्कॉटलंडच्या जिल्हामंडळांनी आपल्या एकवीस वर्षांच्या आयुष्यात ते जितके रुंद करून दाखवले तितके क्वचितच कोठे दिसेल.

ही मंडळे निर्माण कशी झाली ते थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. स्कॉटलंडची जुनी स्थानिक व्यवस्था म्हणजे शतकानुशतके साचलेला एक गाळ होता. चार महानगरे, ३३ परगणे, २१ मोठी नगरे, १७६ लहान नगरे आणि ग्रामीण भागात १९६ जिल्हे मिळून एकंदर ४३० संस्था त्या पन्नास लाखांच्या देशाचा कारभार पाहत होत्या. त्यांतील काही नगरांच्या सनदा मध्ययुगीन राजांनी दिलेल्या होत्या, आणि लोकसंख्या हजाराच्या आत असली तरी तेथील प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्ष, गळ्यात सोन्याची साखळी घालून मिरवणुकीत सर्वांच्या पुढे चाले. १९६६ साली न्यायमूर्ती लॉर्ड व्हीटली यांच्या अध्यक्षतेखाली एक शाही आयोग नेमण्यात आला. त्याने १९६९ साली जो अहवाल दिला तो मुख्यत्वेकरून १९७३ च्या कायद्यात उतरला, आणि १९७५ च्या मे महिन्याच्या मध्यास जुन्या सर्व संस्थांची दप्तरे बंद होऊन नव्यांचा अंमल सुरू झाला: वरच्या पायरीवर ९ प्रांतमंडळे, खालच्या पायरीवर ५३ जिल्हामंडळे, आणि समुद्रात वेगळी पडलेली ३ द्वीपमंडळे. शिक्षण, रस्ते, पाणी, पोलीस व समाजकल्याण प्रांताकडे गेले. घरे, सफाई, उद्याने आणि बहुतेक ठिकाणी स्थानिक नगररचना जिल्ह्याकडे राहिली.

कागदावर ही रचना सुबक होती. प्रत्यक्षात स्ट्रॅथक्लाइड नावाच्या एकाच प्रांतात देशाची जवळजवळ निम्मी वस्ती सामावली गेली, आणि जिल्ह्यांमध्ये एकीकडे आठ-नऊ लाखांचे ग्लासगो तर दुसरीकडे दहा हजारांच्या आसपासचे नेर्न, अशी विषम जोडी एकाच नावाखाली नांदू लागली. फाइफच्या लोकांनी मात्र आयोगाला नमवले. त्यांच्या जुन्या परगण्याचे दोन तुकडे करून ते शेजारच्या प्रांतांना जोडण्याचा बेत होता. पण सभा, अर्ज आणि संसदेतील वाद यांची त्यांनी अशी झोड उठवली की अखेर फाइफ स्वतंत्र प्रांत म्हणून अभंग राहिला. घरपट्टीची वसुली प्रांताकडे होती, आणि प्रांताची व जिल्ह्याची रक्कम एकाच मागणीपत्रात येई. त्यामुळे आपला पैसा कोणी खर्च केला आणि दोष कोणाला द्यावा हे सामान्य घरमालकास उमगत नसे. कारभाऱ्यांच्या दृष्टीने ही सोयही होती.

त्या ५३ जिल्ह्यांची नावे वाचताना मराठी वाचकाच्या मनात काही ओळखीचे ध्वनी उमटल्यावाचून राहत नाहीत. मुंबई इलाख्याचा पाया ज्यांनी घातला त्यांतील कितीतरी माणसे या चिमुकल्या मुलखांतून आलेली. पेशवाईचा शेवट पाहणारा आणि पुण्याची घडी नव्याने बसवणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन जन्मला डंबार्टन येथे. त्याच्यामागून मुंबईच्या गव्हर्नरपदी आलेला सर जॉन माल्कम हा अ‍ॅनंडेल-एस्कडेल जिल्ह्यात पुढे मोडलेल्या एस्क नदीच्या खोऱ्यातला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ हा बॅन्फचा. आणि मुंबईत महाविद्यालयास ज्यांचे नाव राहिले ते डॉ. जॉन विल्सन हे लॉडर गावचे. पॅट्रिक गेडीस हा बॅलेटर येथे जन्मलेला विद्वान तर नगरविद्येचाच आचार्य. १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे अध्यासन त्याने भूषवले, आणि जुन्या वस्त्या सरसकट पाडून नव्या उभारण्याच्या सरकारी हौसेविरुद्ध तो भारतातील नगरांविषयीच्या अहवालांतून सतत सांगत राहिला. त्याच्या स्वतःच्या देशाने ते ऐकले नाही, हे आता जे सांगावयाचे आहे त्यावरून दिसेल.

१९७७ च्या मतदाराचे मन समजून घ्यावयाचे तर ग्लासगोतील घरांची हकीकत समजून घेतली पाहिजे. १९५१ साली त्या शहराची वस्ती अकरा लाखांच्या आतबाहेर होती, आणि त्यातील सुमारे निम्मी घरे एक वा दोन खोल्यांची होती. वालुकाश्मात बांधलेल्या चार मजली इमारती, मधून एकच सामाईक जिना, जिन्याच्या वळणावर अनेक कुटुंबांत मिळून एक शौचकूप: गिरगावातील चाळीत ज्याने बालपण काढले त्याला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. महायुद्धानंतर नगरशासनाने ठरवले की या वस्त्या मुळापासून उखडल्या पाहिजेत. १९५७ सालापासून २९ भाग समग्र पुनर्विकासासाठी आखण्यात आले. पैकी गॉर्बल्सचा भाग सर्वांत कुप्रसिद्ध म्हणून सर्वांत आधी घेतला गेला. लाखो माणसे उठवली गेली. काही नव्याने वसवलेल्या दूरच्या नगरांत गेली. बाकीची शहराच्या कडेला ईस्टरहाउस, ड्रमचॅपल, कासलमिल्क आणि पोलॉक अशा प्रचंड वसाहतींत वसवण्यात आली, जेथे घरात स्नानगृह होते, परंतु दुकान, मद्यगृह, चित्रपटगृह यांपैकी कशाचाही पत्ता नव्हता. रेड रोड येथे ३१ मजल्यांपर्यंतचे मनोरे उभे राहिले.

या साऱ्याचा परिणाम असा झाला की नगरशासन हेच शहराचे सर्वांत मोठे घरमालक बनले. १९७५ साली जिल्हामंडळाच्या ताब्यात पावणेदोन लाखांच्या आसपास घरे होती, आणि देशात पाहिले तर निम्म्याहून अधिक कुटुंबे सार्वजनिक संस्थांची भाडेकरू होती. पश्चिम युरोपात याला जोड सापडणे कठीण होते. मालक निवडून देण्याचा अधिकार ज्यांच्या हाती असतो अशा भाडेकरूंचे राजकारण निराळेच होते. भाडे वाढले की सभासद पडे, आणि म्हणून भाडे वाढत नसे. भाडे वाढत नसे म्हणून दुरुस्ती होत नसे. आणि दुरुस्ती होत नसे म्हणून अखेर सभासद पडेच.

गॉर्बल्समधील हचेसनटाउनच्या एका भागात या रचनेतील दोष उघडा पडला. तेथील घरे फ्रान्समधून आणलेल्या एका पद्धतीने, तयार काँक्रीटच्या फळ्या एकमेकींस जोडून, बांधण्यात आली होती, आणि १९७२ साली स्वतः राणीने त्या वसाहतीचे उद्घाटन केले होते. दोन-तीन हिवाळे गेले नाहीत तोच भिंतींवर काळी बुरशी धरू लागली, गालिचे कुजले, कपाटातील कपडे ओले होऊ लागले आणि मुलांचे खोकले थांबेनात. भाडेकरू तक्रार घेऊन गेले. अधिकाऱ्यांनी सांगितले की दोष इमारतीचा नसून राहणाऱ्यांचा आहे: तुम्ही खिडक्या उघडत नाही, घरात कपडे वाळवता, पाणी उकळता, हवा पुरेशी तापवत नाही, म्हणून भिंतींवर दव साचते. वीजदर १९७३ नंतर कडाडलेले असताना, केवळ विजेवर तापणाऱ्या घरात राहणाऱ्या बायकांना हे ऐकवण्यात येत होते. त्यांनी संघटना उभारली. डॉक्टरांची प्रमाणपत्रे गोळा केली, भाडे रोखून धरले, वृत्तपत्रांना घरात नेऊन भिंती दाखवल्या, आणि नुकसानभरपाईसाठी कोर्टाचा मार्ग धरला. ज्या पक्षाच्या कारभाऱ्यांशी हा लढा चालला होता त्या पक्षाला याच बायकांच्या आईबापांनी पिढ्यान्‌पिढ्या डोळे मिटून मते दिली होती. वर्षानुवर्षे भांडून त्यांनी स्थलांतराचा हक्क मिळवला. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी घरे रिकामी झाली, आणि १९८७ साली, म्हणजे उद्घाटनानंतर पंधरा वर्षांनी, ती पाडण्यात आली. त्यांच्या बांधकामाचे कर्ज मात्र इतक्या लवकर फिटणारे नव्हते.

१९७७ च्या मे महिन्यात ग्लासगोमध्ये राष्ट्रीय पक्षाला जी सोळा ठिकाणे मिळाली त्यांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. त्यामागे राष्ट्रभावना नव्हती असे नाही. १९६७ साली हॅमिल्टनची पोटनिवडणूक विनी युइंग यांनी जिंकल्यापासून, १९७३ साली गोव्हनमध्ये मार्गो मॅकडोनाल्ड यांनी मजूर पक्षाचा बालेकिल्ला फोडल्यापासून, आणि उत्तर समुद्रात सापडलेले तेल आपले आहे हा घोष दुमदुमू लागल्यापासून त्या भावनेला बळ चढत होतेच. १९७४ च्या ऑक्टोबरात त्या पक्षाचे ११ सभासद वेस्टमिन्स्टरला गेले होते, आणि शेकडा ३० मते त्याला पडली होती. १९७७ च्या फेब्रुवारीत स्कॉटलंड व वेल्स यांना विधिमंडळ देणारे विधेयक संसदेत अडकून पडले, तेव्हा रागाला आणखी एक निमित्त मिळाले. तथापि ईस्टरहाउसमधील ज्या मतदाराला मजूर पक्षावर राग काढावयाचा होता, पण हुजूर पक्षाच्या नावावर फुली मारण्यास ज्याचा हात धजत नव्हता, त्याला राष्ट्रीय पक्ष हा तिसरा दरवाजा सापडला, इतकेच काय ते खात्रीने म्हणता येईल.

निकालानंतर ग्लासगोत जे घडले ते याला पुष्टी देणारेच आहे. ७२ पैकी केवळ २५ सभासदांच्या बळावर हुजूर पक्षाने अल्पमताचा कारभार हाती घेतला, आणि तराजूची दांडी सोळा राष्ट्रीय सभासदांच्या हाती राहिली. त्यांपैकी बहुतेकांना सभागृहाच्या कामाचा सराव नव्हता. राष्ट्राचे स्वातंत्र्य हा ज्यांच्या पक्षाचा एकमेव कार्यक्रम, त्यांना कासलमिल्कमधील गळक्या छपरांविषयी निश्चित असे पक्षीय मत असण्याचे कारणही नव्हते. १८८८ साली व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते उघडलेल्या जॉर्ज चौकातील नगरभवनात, इटालियन संगमरवराच्या त्या दिमाखदार जिन्यावरून, तीन वर्षे तीन पक्ष चढले-उतरले. ओल्या भिंती होत्या तेथेच राहिल्या.

येथे एक गोष्ट जाता जाता नोंदवतो. याच शहराच्या पूर्वीच्या नगरशासनात १९७० साली बशीर मान हे किंग्स्टन वॉर्डातून मजूर पक्षातर्फे निवडून आले होते. गुजरानवाला जिल्ह्यातील एका खेड्यातून १९५३ साली ग्लासगोस आलेला हा पंजाबी गृहस्थ दारोदार कपडे विकत उभा राहिला आणि ब्रिटनमधील पहिल्या मुसलमान नगरसभासदांत गणला गेला. त्यांच्या विजयाचे कारण शोधू गेल्यास तेथेही मोठ्या सिद्धान्तापेक्षा दुकान, घर आणि परवाना यांच्या अडचणीत धावून येणारा माणूस हेच सापडते.

देशाच्या एकूण बेरजेत आणखी एक रकाना आहे, ज्याच्याकडे पंडितांनी कधी नीट पाहिलेच नाही: ३१८ अपक्ष. संख्येने पाहिले तर १९७७ सालचा सर्वांत मोठा गट हाच. उत्तरेकडील डोंगराळ प्रांतातील सदरलँड, केथनेस, स्काय-लोखॅल्श, लोखाबर हे जिल्हे, तसेच इंग्लंडच्या सीमेकडील ट्वीडडेल, रॉक्सबरो यांत पक्षाचे निशाण लावून मते मागणे हे असभ्यपणाचे लक्षण मानले जाई. तेथे मेंढ्यांचा व्यापारी, निवृत्त शाळामास्तर, हॉटेलची मालकीण वा जमीनदाराचा कारभारी उभा राही, आणि पुष्कळ जागी त्याच्याविरुद्ध कोणी उभेच राहत नसल्यामुळे मतपेटी बाहेर काढण्याचाही प्रसंग येत नसे. हे अपक्ष खरोखर किती निःपक्ष होते हा प्रश्न निराळा. त्यांतील पुष्कळांचे मन कोणत्या बाजूला झुकते हे गावाला ठाऊक असे. पण राष्ट्रीय सत्तेचा पारा मोजणाऱ्यांच्या दृष्टीने हा सारा मुलूख मुका होता. जेथे रस्ता बर्फाने बंद झाला की सभासदाच्या घरी दूरध्वनी करावयाचा आणि त्याने यंत्र पाठवण्यासाठी खटपट करावयाची, यापलीकडे राजकारणाची कल्पनाच नव्हती, तेथील मतावरून लंडनच्या मंत्रिमंडळाचे आयुष्य वर्तवणार तरी कसे?

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. १९७९ सालच्या १ मार्च रोजी स्कॉटलंडमध्ये विधिमंडळाविषयी सार्वमत घेतले गेले. बाजूने शेकडा ५१.६ मते पडली. परंतु संसदेने कायद्यात अशी एक अट घालून ठेवली होती की नोंदलेल्या सर्व मतदारांपैकी किमान शेकडा ४० जणांचा होकार आला पाहिजे, आणि तो ३२.९ वर अडला. ही अट सुचवणारे सभासद जॉर्ज कनिंगहॅम हे स्वतः स्कॉट होते, पण निवडून आले होते लंडनमधून. राष्ट्रीय पक्ष संतापला, त्याने सरकारविरुद्ध मत दिले, मजूर पक्षाचे कॅलहान सरकार एका मताने पडले, आणि १९७९ च्या ३ मे रोजी, म्हणजे त्या जिल्हा निवडणुकीनंतर तारखेने अचूक दोन वर्षांनी, झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत राष्ट्रीय पक्षाच्या ११ सभासदांपैकी दोघेच परत आले. हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या.

१९८० सालच्या जिल्हा निवडणुकीत मजूर पक्ष ४९४ जागा घेऊन परतला. राष्ट्रीय पक्ष १७० वरून ५४ वर घसरला, आणि ग्लासगोत तो जवळजवळ नामशेष झाला. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी राष्ट्राच्या उदयाची वार्ता दिली होती त्यांनीच आता त्याच्या अस्ताची दिली. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे ईस्टरहाउसमधल्या माणसाने दोन्ही वेळा एकच गोष्ट केली होती: जो सत्तेवर असेल त्याला फटका. १९७७ साली सत्तेवर मजूर होते, १९८० साली हुजूर.

मात्र १९८० हे वर्ष आणखी एका कारणाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी संमत झालेल्या कायद्याने तीन वर्षे राहिलेल्या भाडेकरूला आपले घर मंडळाकडून विकत घेण्याचा हक्क दिला, किमतीत शेकडा ३३ ते ५० सूट देऊन. मंडळांचा विरोध होता. पण घरे विकली गेली. आणि ती कोणती विकली गेली? अंगण असलेली, जुनी, दगडी, चांगल्या वस्तीतील. मनोऱ्यातील सतराव्या मजल्यावरची आणि ओलीची कोणाला हवी होती? पाहता पाहता मंडळांच्या पदरी वाईट घरे आणि गरीब भाडेकरू एवढेच राहिले, आणि ज्या नात्यावर जिल्ह्याचे सारे राजकारण उभे होते ते नातेच झिजू लागले.

ऐंशीच्या दशकातील पुढील दोन निवडणुका मी वेगाने ओलांडतो. १९८४ साली एडिंबरो, म्हणजे वकील, विमा कंपन्या आणि सभ्य विधवा यांचे शहर, इतिहासात प्रथमच मजूर पक्षाच्या बहुमताखाली आले, आणि त्या मंडळाने खर्च वाढवून सरकारशी उघड झुंज मांडली. त्याच वर्षी अ‍ॅंगस जिल्हा राष्ट्रीय पक्षाकडे गेला. ग्लासगोने मात्र या काळात एक असे कृत्य केले की ज्याचा जिल्हामंडळाच्या रोजच्या कारभाराशी काहीही संबंध नव्हता: १९८१ साली, जगातील इतर कोणत्याही शहराच्या आधी, त्याने तुरुंगात असलेल्या नेल्सन मंडेलांना नगराचे सन्माननीय नागरिकत्व दिले, आणि १९८६ साली दक्षिण आफ्रिकेची वाणिज्य वकिलात ज्या चौकात होती त्या चौकालाच मंडेलांचे नाव दिले, जेणेकरून वकिलातीच्या प्रत्येक पत्रावर ते छापावे लागावे. पत्ते बदलण्याचा अधिकार मंडळाला होता, आणि तो इतक्या खोडकर औचित्याने क्वचितच वापरला गेला असेल. मंडेला १९९३ साली स्वतः येऊन आभार मानून गेले.

१९८५ साली घरपट्टीचे नव्याने मूल्यांकन झाले. घरमालकांचा आक्रोश झाला, आणि त्यावर तोड म्हणून सरकारने घरपट्टीच रद्द करून डोईपट्टी आणली. ती इंग्लंडच्या एक वर्ष आधी, १९८९ च्या एप्रिलमध्ये, स्कॉटलंडवर बसली. तिच्या तोंडावर झालेल्या १९८८ च्या जिल्हा निवडणुकीत हुजूर पक्षाचा हिस्सा शेकडा १९ वर उतरला. तरीही १९९२ च्या ७ मे रोजी, शेवटच्या जिल्हा निवडणुकीत, तोच पक्ष शेकडा २३ वर चढला आणि मजूर पक्ष ४३ वरून ३४ वर उतरला. महिन्याभरापूर्वीच त्या पक्षाच्या जॉन मेजर यांनी अनपेक्षितपणे देश जिंकला होता, आणि या आकड्यांतूनही पुनरुत्थानाचे वर्तमान वाचण्यात आले. तीनच वर्षांनी, १९९५ साली, नव्या एकस्तरीय मंडळांची निवडणूक झाली तेव्हा २९ मुख्यभूमीवरील मंडळांपैकी एकही हुजूर पक्षाच्या हाती लागले नाही. इतक्यांदा खोटी ठरूनही ही भविष्यविद्या बंद पडत नाही, याचे मला कौतुक वाटते.

१९९६ च्या १ एप्रिलला प्रांत व जिल्हे दोन्ही संपले आणि ३२ मंडळांचा अंमल सुरू झाला. जाता जाता स्ट्रॅथक्लाइड प्रांताने एक तडाखा दिला होता. पाण्याच्या खासगीकरणाविषयी १९९४ साली त्याने टपालाने लोकमत घेतले, तेव्हा बारा लाखांवर लोकांनी उत्तरे धाडली, आणि त्यांतील शेकडा ९७ विरुद्ध होती. त्या प्रांतातील कोणत्याही जिल्हा निवडणुकीत इतकी माणसे आपणहून मत द्यायला निघाली नव्हती. प्रश्न सरळ विचारला की उत्तरही सरळ येते, आणि त्याचा दुसरा अर्थ लावण्यास कोणाला वाव राहत नाही. स्कॉटलंडचे पाणी आजही सार्वजनिक मालकीचे आहे.

घरांचेही तसेच झाले. २००२ साली ग्लासगोच्या भाडेकरूंना विचारण्यात आले की तुमची घरे मंडळाकडून काढून एका स्वतंत्र गृहसंस्थेकडे द्यावी काय. तसे झाल्यास नऊशे दशलक्ष पौंडांच्या घरातील थकलेले कर्ज सरकार आपल्या शिरावर घेणार होते. शेकडा ५८ जणांनी होकार दिला. २००३ च्या मार्चमध्ये सुमारे ऐंशी हजार घरे मंडळाच्या मालकीतून गेली, आणि शहराचा सर्वांत मोठा घरमालक एका सहीने बेघर झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मजूर पक्षाने निम्म्याहून कमी मतांवर ग्लासगोतील ७९ पैकी ७१ जागा जिंकल्या. हा प्रकार विपरीतच दिसला. २००७ सालापासून पसंतीक्रमाने मते देण्याची नवी रीत आली. आता बहुतेक वॉर्डांतून तीन वा चार सभासद जातात, मतदार नावांपुढे एक, दोन, तीन असे आकडे घालतो, आणि मतपत्रिकेवर नावे आडनावाच्या वर्णानुक्रमाने येत असल्यामुळे ज्याचे आडनाव आरंभीच्या अक्षराने सुरू होते त्याला, इतर गुण सारखे असता, लाभ होतो. पक्षांनाही हे कळले आहे.

२०२२ सालच्या ५ मे रोजी १,२२७ जागांसाठी निवडणूक झाली तेव्हा राष्ट्रीय पक्षाला ४५३, मजूर पक्षाला २८२ आणि हुजूर पक्षाला २१४ मिळाल्या. अपक्ष १५२ होते, म्हणजे ती मुकी बाजू आक्रसली तरी बुजलेली नाही. ग्लासगोत राष्ट्रीय पक्ष ३७ आणि मजूर पक्ष ३६, एका जागेचे अंतर. चर्चा पुन्हा स्वातंत्र्याची झाली, आणि जूनमध्ये राष्ट्रीय पक्षाच्या तेव्हाच्या नेत्या निकोला स्टर्जन यांनी स्वातंत्र्याविषयीच्या दुसऱ्या सार्वमताची तारीखही जाहीर केली. एडिंबरोत ६३ पैकी १९ जागा घेऊन राष्ट्रीय पक्ष पहिला आला होता. परंतु तिसऱ्या व पाचव्या क्रमांकाच्या पक्षांच्या पाठिंब्यावर अवघ्या १३ सभासदांच्या मजूर पक्षाने कारभार हाती घेतला. त्यानंतर तीन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, जगभरचे प्रेक्षक नाट्यमहोत्सवासाठी त्या शहरात जमलेले असताना, वेतनवाढीच्या वादावरून सफाई कामगार संपावर गेले. राजवाड्यापासून किल्ल्यापर्यंतच्या रस्त्यांवर पिशव्यांचे ढीग साचले, गल्लीगल्लीत उंदीर दिसू लागले, आणि लोक नव्या सभासदांच्या नावाने ओरडू लागले, जरी पगाराचा तो करार सर्व मंडळांची संयुक्त संस्था आणि एडिंबरोतलेच, पण राष्ट्रीय पक्षाचे, स्कॉटिश सरकार यांच्या पैशांवर अवलंबून होता, आणि नगरभवनातल्या त्या तेरांना तो करण्याचा अधिकारच नव्हता.